रूथ शिरसाठची सरळ तबकडी

"शेंगदाणे बाजूला काढा," ठोसर म्हणाला.

पाडळेंना वाटलं, पाहुण्याला खारट वर्ज्य असावं. "मग चिवडा देऊ का?" त्यांनी विचारलं.

ठोसरनं टेबलावरची ती काळी वाटी उचलली आणि तिच्यातले सगळे शेंगदाणे माझ्या मांडीवर ओतले. मी नवी पँट घालून आलो होतो. दौंडला जायचं म्हणून नव्हे. जुनी धुवायला पडली होती.

वाटी मोठी गमतीची होती. कड पाकळ्यांसारखी वर वळलेली आणि तळाला मधोमध नारिंगी कागदाची चकती. चकतीतलं भोक मेणबत्तीच्या मेणानं बुजवलेलं. ठोसरनं चष्मा कपाळावर चढवला, वाटी नाकाला टेकवली आणि वाचलं, "सिग्नल पडंना. गायिका रूथ शिरसाठ. साथ, द डाउन मेल, दौंड."

मग तो खाली बसला. मागे खुर्ची होती म्हणून बरं. नसती तरी बसला असता.

"चिटणीस," तो मला म्हणाला, "अर्धं आयुष्य मी ही तबकडी शोधतोय. आणि तू तिच्यातून शेंगदाणे खातोयस."

"मी एकच खाल्ला," मी म्हणालो. "तोही खवट निघाला."

"खवट?" पाडळे दुखावले. "कालच आणलेत हो."

दिगंबर ठोसर हा पुण्यातला माझा शेजारी. बँकेतून निवृत्त झाला आणि पूर्ण वेळ बिघडला. जुन्या तबकड्या पुष्कळ लोक जमवतात. पण ते नाट्यगीतं जमवतात, भावगीतं जमवतात, म्हणजे चारचौघांत सांगण्यासारखं काहीतरी जमवतात. ठोसर सोलच्या मागे होता. सोल म्हणजे काय, असं मी एकदा त्याला विचारण्याची चूक केली होती. तो म्हणाला, "अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधलं गाणं उचललं, रस्त्यावर आणलं आणि देवाच्या जागी माणूस बसवला. देव आला नाही तर कोणी फार मनाला लावून घेत नाही. माणूस आला नाही की मग जो आवाज निघतो, तो सोल."

त्याचा सिद्धांत असा, की असा आवाज काही एका देशाची मक्तेदारी नाही. आपल्याकडे रेल्वेच्या गावांत, खाणींच्या गावांत, जिथे गिटार पोचली तिथे कोणीतरी आपापल्या भाषेत हा प्रयत्न केलाच असणार. तबकडी काढली असणार. आणि ती कोणीही विकत घेतली नसणार. तिसऱ्या मुद्द्याबद्दल माझं त्याच्याशी एकमत होतं. मराठी सोलचा पुरावा म्हणून त्याच्याकडे जुन्या बाजारात मिळालेलं एक पाकीट होतं. वर रेल्वे इंजिनाचं चित्र, खाली 'द डाउन मेल'. आत तबकडी नाही. हे रिकामं पाकीट तो लोकांना दाखवत हिंडायचा. मी तेव्हा एका सायंदैनिकात दर शनिवारी लोकांची टिंगल करून पोट भरत असे. एका शनिवारी काही सुचेना, तेव्हा ठोसरवर लिहिलं.

त्यावर दौंडहून कार्ड आलं. 'लेख वाचून हसलो. तुमच्या मित्राकडे पाकीट आहे, माझ्याकडे आतला माल आहे. दोघे या. येताना वाजवायचं चांगलं मशीन आणा. शांतवन पाडळे, रिटायर्ड ड्रायव्हर.'

म्हणून आम्ही आलो होतो, ठोसर, मी आणि बॅटरीवर चालणारा त्याचा पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर. आणि माल आमच्यासमोर होता. त्यात शेंगदाणे होते, एवढंच.

"हे कोणी केलं?" ठोसरनं वाटीकडे बघत विचारलं. एखाद्या घरात खून झाल्यावर इन्स्पेक्टर विचारतो तसं.

"आमच्या मिसेसनं," पाडळे म्हणाले. उंच, सरळ माणूस. इंजिनावर आयुष्य गेल्यामुळे साधं बोलणंही पलीकडच्या फलाटाला ऐकू जाईल असं. "रूथ शिरसाठ म्हणजे आमची मिसेसच ना. दोन वर्षं झाली तिला प्रभूनं नेऊन. रेकॉर्ड निघाली तेव्हा मी तिला ओळखत पण नव्हतो. मी तेव्हा भुसावळला इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन. ही इथं रेल्वे हॉस्पिटलात नर्स. नगरच्या चर्चमध्ये लहानपणापासून गायलेली. इथं रेल्वेच्या क्लबात, इन्स्टिट्यूटमध्ये, दर शनिवारी डान्स असायचा, तिथं या पोरांनी बँड काढला. डेरिक गिटार, तो पुढं ऑस्ट्रेलियाला गेला. ड्रमवाला वारला. ट्रम्पेटला लग्नाच्या बँडमधला सोपान जावळे, तो आहे अजून. आणि गायला ही. सगळ्यांनी पगारातनं घालून रेकॉर्ड काढली."

"आणि?"

"आणि काय. मराठी लोक म्हणाले, हे मराठी नाही. अँग्लो-इंडियन लोक म्हणाले, हे इंग्लिश नाही. खोकी परत आली. हिच्या माहेरी पलंगाखाली पडून होती. पुढं माझी दौंडला बदली झाली. हातावर वाफ आली म्हणून ॲडमिट झालो, ही पट्टी बांधायला आली." त्यांनी उजवा हात दाखवला. मनगटापासून वर कातडी गुलाबी, गुळगुळीत होती. "पट्टी सुटली, ही सुटली नाही."

"घरात गायच्या?" मी विचारलं.

"नाव नको. चर्चमध्ये पण नुसते ओठ हलवायची. मी किती म्हणायचो, रूथ, एकदा तरी म्हण की ते गाणं. म्हणायची, गळा रिटायर झाला माझा, पेन्शनसुद्धा मिळत नाही त्याला. मग चर्चच्या भगिनी मंडळात पुण्याची एक बाई आली हस्तकला शिकवायला. जुन्या रेकॉर्ड गरम पाण्यात धरायच्या, पातेल्यावर उपड्या टाकायच्या, दाबायच्या. झाली वाटी. हिच्याकडं तर खोकीच्या खोकी! आमच्या समाजात दौंडात एक लग्न झालं नाही, जिथं हिच्या वाट्या गेल्या नाहीत. हसायची वर. म्हणायची, माझं गाणं कोणी ऐकलं नाही, पण त्यातनं शेंगदाणे सगळ्या गावानं खाल्ले."

ठोसरच्या घशातून असा आवाज आला, की पाडळेंनी घाईनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "एक ठेवलीय सरळ."

त्यांनी कपाटातून पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली छोटी तबकडी आणली. दोन्ही तळव्यांवर. ठोसर उठून उभा राहिला. सवाष्णीनं ओटी घ्यावी तशी त्यानं ती घेतली, खिडकीपाशी नेली, उजेडात तिरपी धरली. आणि त्याचा चेहरा पडला. मला तबकड्यांतलं काही कळत नाही, पण ठोसरचे चेहरे कळतात. चांगली तबकडी काळीभोर चकाकते. ही राखेसारखी दिसत होती.

तरी त्यानं लावली. सुई टेकली आणि कढईत भजी सोडल्यासारखा आवाज सुरू झाला. भजी तळली जात राहिली. मागे, फार मागे, कोणीतरी भिंतीपलीकडे रेडिओ लावावा तसं काहीतरी होतं. ते गाणं होतं की माझा गैरसमज, सांगता येत नव्हतं. पाडळे मान खाली घालून ऐकत होते. तबकडी संपली.

"हे कशावर वाजवलंत?" ठोसरनं विचारलं.

पाडळेंनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे स्टुलावर भोंग्याचा ग्रामोफोन होता. चावी देऊन चालवायचा, लोखंडी सुईचा. अशा यंत्राचं डोकं मुठीएवढं आणि मुठीएवढंच जड असतं. जुन्या जाड तबकड्यांना ते सोसायचं. या नाजूक तबकडीवर त्याची सुई म्हणजे शेतात नांगर.

"मिसेसला कॅन्सर निघाला," पाडळे म्हणाले. "अंथरुणाला खिळली. एक दिवस म्हणाली, ऐकायचंय का तुम्हाला ते गाणं? बघा, इतकी वर्षं मी मागं लागलो तेव्हा नाही, आणि आता. पण तेव्हा लोडशेडिंग. दिवसभर लाइट नाही. विजेचं मशीन घेऊन करायचं काय? पुण्याला गेलो, जुन्या बाजारातनं हे आणलं. याला लाइट लागत नाही. आता हे पळतं जोरात, आणि ही रेकॉर्ड हळू फिरायची. बारीक पोरीसारखा आवाज यायला लागला. मग मी युक्ती केली."

ते उठले, ग्रामोफोनसमोरच्या पाटावर जाऊन बसले. भोंगा तोंडासमोर, पाठीमागे भिंतीला लागून रिकामी कॉट. त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं आणि नसलेल्या तबकडीच्या कडेवर अलगद टेकवलं.

"असं. ब्रेक. इंजिनाला ब्रेक मारण्यात जन्म गेला माझा, एवढीशी रेकॉर्ड काय! ती मागनं सांगायची, अजून हळू, अजून... हं, आता बरोबर. तेवढं झालं की मग गाणं संपेपर्यंत बोट हलवायचं नाही. रोज दुपारी लावायचो. एकदा, दोनदा. तिला बरं वाटायचं."

ठोसर दुकानदारांशी तबकडीवरच्या एका बोटाच्या ठशावरून भांडणारा माणूस. तो पाडळेंच्या बोटाकडे नुसता बघत राहिला.

"ती गेल्यावर काही दिवस मी हात लावला नाही," पाडळे म्हणाले. "मग एकदा लावली, तर हे असं. नुसतं तळण. सुई बदलली, तरी तेच." ते वळले. "ठोसरसाहेब, खरं सांगा. माझ्याच हातनं गेली ना ती?"

तबकड्यांच्या बाबतीत ठोसरला खोटं बोलता येत नाही. इतर बाबतीत तो बँकेत होता.

"सुई लोखंडी होती," तो म्हणाला. "दहा-वीस वेळांतच सगळं खरवडलं गेलं असणार."

"नाही, नाही. तसं नाही. सुरुवातीला चांगली वाजायची, पुढं मागचं वाजवणं बारीक झालं. पण तिचा आवाज यायचा. शेवटच्या दिवसापर्यंत यायचा. उलट शेवटी शेवटी जास्त येत होता."

"ते शक्य नाही, पाडळे."

"मी ऐकलाय ना!"

ठोसरनं माझ्याकडे पाहिलं. पाडळेंनी तबकडी टॉवेलमध्ये गुंडाळली. गाठ दोनदा बांधली, दोनदा सोडली.

"माझ्याकडं तिचा फोटो आहे," ते म्हणाले. "फोटो खूप आहेत. आवाज नाही. रात्रंदिवस डोक्यात आणायला बघतो, येत नाही. इंजिनाचा येतो. मला ती एकदा नीट ऐकायचीय, साहेब. एकदाच. तुम्हाला त्याच्यासाठी बोलावलं. कुठंतरी एखादी सरळ राहिली असेल."

मग आम्ही तिघे दौंडात सरळ तबकडी शोधायला बाहेर पडलो. उन्हाचा कहर होता. इतक्या घरांत मी निवडणुकीच्या उमेदवाराबरोबरसुद्धा फिरलेलो नाही. जिथे जावं तिथे रूथ शिरसाठ होतीच, पण वाटीच्या रूपानं. एका शिंप्याकडे तिच्यात बटणं होती. चर्चच्या मास्तरांकडे खडू होते. एका घरी तिच्यातून कोंबड्या पाणी पीत होत्या. ठोसर प्रत्येक वाटी उलटी करून चकती वाचायचा आणि परत ठेवायचा. प्रेताची ओळख पटवायला नेलेल्या नातेवाइकासारखा.

ऑलिव्ह आंटी म्हणून रेल्वे क्वार्टर्समधल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्या व्हरांड्यात वाटी तारेनं टांगली होती आणि तिच्यातून मनी प्लँट खाली सुटला होता.

"रूथनी दिला माझ्या मॅरेजला," त्या म्हणाल्या. "मी तिला बोलली, रूथ, ह्या गाण्यावर मी डान्स केला, माझी हील तुटली इन्स्टिट्यूटमध्ये, आणि आता मी ह्याच्यात पाणी घालू? ती बोलली, घाल, काहीतरी उगवेल तरी. काय बाई होती! आणि हे तुमचे पाडळे, काळे ढुस्स, कोळशाचे, हिला कसे आवडले, आम्हाला अजून कळलं नाही."

"मला पण नाही," पाडळे म्हणाले.

"सोपानकडे बघा ना. तो ट्रम्पेटवाला. तो काही फेकत नाही. त्याच्या आजोबाची पिपाणी पण असेल त्याच्याकडे."

"त्याला वाटीच दिलेली," पाडळे म्हणाले. "माझ्या देखत."

तरी गेलो. 'न्यू सोपान ब्रास बँड' अशी पाटी असलेल्या पत्र्याच्या खोलीबाहेर लाल कोट वाळत घातले होते. सोपान जावळे आत खाटेवर बसून ट्रम्पेटच्या कळांना तेल घालत होते. गाल अजून फुगलेले. इतकी वर्षं फुगवून ते तसेच राहिले असावेत.

"या, पाडळेसाहेब! वाट कशी चुकली?" त्यांनी आत हाक दिली, "अगं, च्या टाक. पावणे आल्यात."

पाडळेंनी काम सांगितलं. सोपानरावांनी तेलाची बाटली बंद केली. बराच वेळ बंद करत राहिले.

"तुमी रागावनार न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"कशाला रागावू?"

"कंपनीतनं खोकी आली त्या दिशी मी एक उचलली. रूथताईला सांगितलं न्हाई."

"अहो, मागितली असती तर दिली असती तिनं!"

"म्हनूनच. मग ती दिलेली झाली असती." त्यांनी भिंतीकडे मान वळवली. "मला माजी पायजे हुती."

भिंतीवर देवांच्या ओळीत खंडोबा, तुळजाभवानी आणि गणपतीशेजारी लाकडी चौकट होती. काचेमागे काळी, सरळ, चकाकती तबकडी. नारिंगी चकतीवर हळदीकुंकवाची बोटं, चौकटीला वाळलेल्या झेंडूची माळ.

"खंडेनवमीला ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल मांडतो," सोपानराव म्हणाले, "त्येंच्याबरूबर हिची बी पूजा करतो. आमी वाजवलेलं हाय ना त्याच्यात."

ठोसरनं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "वाजवली... किती वेळा?"

"मशीन कुठाय आमच्याकडं? अन् देव वाजवत्यात व्हय?"

ठोसरनं मोठा श्वास सोडला. जी तबकडी कोणीही कधीही वाजवली नाही, तिच्यासाठी माणसं काय वाट्टेल ते करतात. तो तर लगेच ती पुण्याला न्यायची, तिची प्रत काढायची, हॉलंडमधला कोणी गृहस्थ जगभरचे असे विसरलेले आवाज प्रसिद्ध करतो त्याला पाठवायची, असं बोलू लागला.

"हॉलंडवाले ऐकून काय करनार?" सोपानराव म्हणाले. "घराभाईर जायाची न्हाई ती. हितंच काय ते वाजवा. मला बी ऐकायचंय, म्या काय वाजवलं ते."

सोपानरावांच्या पत्नी हौसाबाई यांनी उलथन्यानं चौकटीचे खिळे काढले आणि काढण्यापूर्वी तबकडीला नमस्कार केला. ठोसरनं मऊ ब्रशनं कुंकू झाडलं, खाचेतली एक अक्षत टाचणीनं उचलली. पाडळेंसाठी खुर्ची बरोबर आणलेल्या रेकॉर्ड प्लेअरसमोर ओढली. ते बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन्ही हात टोपीवर. उजवं बोट आपोआप पुढे आलं, त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं.

सुई टेकली. तळण नाही. क्षणभर स्वच्छ शांतता, मग ढोलकीसारखा पण ढोलकी नसलेला ठेका, त्यावर सोपानरावांचा ट्रम्पेट, आणि मग ती.

रूळ तापले, डोळे थकले, सिग्नल काही पडंना...

मी आयुष्यभर लोकांच्या गाण्याची, रडण्याची, प्रेमाची टवाळी केली आहे. माझा तो व्यवसाय होता. त्या आवाजात मला टवाळी करण्याजोगं काही सापडलं नाही. कोवळा होता, भरदार होता, चर्चमधून थेट फलाटावर आला होता. ओळ संपली की ती थांबायची. कोणीतरी उत्तर देईल म्हणून थांबावं तशी. पहिल्या कडव्यात ट्रम्पेट उत्तर द्यायचा. दुसऱ्या कडव्यात तोही गप्प झाला. नुसता ठेका आणि ओळीनंतरची मोकळी जागा.

येतो म्हणून गेलास राजा, कुठली गाडी अडंना...

"हितं चुकलोय म्या," सोपानराव कुजबुजले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. ठोसरनं तर केव्हाच तोंड भिंतीकडे केलं होतं.

मी पाडळेंकडे पाहत होतो. प्रत्येक ओळ संपली की ते पुढे झुकायचे. कान तिरपा करायचे. मोकळी जागा निघून जायची, पुढची ओळ यायची, ते परत मागे टेकायचे. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. गाडीची वेळ झाली आणि गाडी दिसत नाही, तेव्हा ड्यूटीवरच्या माणसाचा असतो तसा चेहरा.

तबकडी संपली. ठोसरनं सुई उचलली. हौसाबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"कसली गोड गळ्याची व्हती वं," त्या म्हणाल्या.

"हो," पाडळे म्हणाले. "चांगली गाते." मग ठोसरला म्हणाले, "आता ती दुसरी लावा."

"दुसऱ्या बाजूला नुसतं वाद्यांचं आहे."

"नाही हो. गाणं हेच. पण त्याच्यात मागनं एक बाई गाते."

"मागून?"

"हिची ओळ संपली की तिची येते. तीच ओळ, जरा सावकाश. बसका आवाज, दमल्यासारखा. ही 'पडंना' म्हणते, मग ती म्हणते. मला ती बाई ऐकायचीय. माझ्या रेकॉर्डमध्ये तिचाच आवाज मोठा यायचा."

"पाडळे, ही तीच तबकडी आहे. एकदाच छापली होती. यात साथीला बाई नाही." ठोसरनं सोपानरावांकडे पाहिलं. "होती का?"

"रूथताई एकटीच की," सोपानराव म्हणाले. "दुसरी बाई कुठनं आनायची? हीच मिळाली मुष्किलीनं."

"मग परत लावा," पाडळे म्हणाले. "आपलं ऐकण्यात चुकलं असेल."

ठोसरनं परत लावली. या वेळी कोणी डोळे पुसले नाहीत. सगळे ओळींमधल्या मोकळ्या जागा ऐकत होतो. ट्रे हातात धरून हौसाबाईसुद्धा. रूळ तापले, डोळे थकले, सिग्नल काही पडंना. आणि ठेका. आणि काही नाही. येतो म्हणून गेलास राजा. आणि काही नाही.

दुसरं कडवं अर्ध्यावर होतं, तेव्हा पाडळेंनी मुठीतलं बोट सोडवलं आणि बघितलं. मग खुर्चीतल्या खुर्चीत हळूहळू मागे वळले. मागे पत्र्याची भिंत होती आणि तिला टेकून उभा केलेला मोठा ढोल. ते तिकडेच बघत राहिले.

"पाडळे," ठोसर म्हणाला, "मी तुमची ती जुनी पुण्याला नेतो. हल्ली कॉम्प्युटरवर साफ करतात. थोडं काही निघालं तरी..."

"त्याच्यात कुठनं निघणार?" त्यांचा तो फलाटभर जाणारा आवाज एवढासा झाला होता. "ती त्याच्यात नव्हतीच. कॉटवर होती."

गाणं चालू होतं. थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

"मला वाटायचं, भोंग्यातनंच येतंय सगळं. मी म्हणायचो पण तिला, रूथ, ही मागं गाणारी कोण गं, तुझ्यापेक्षा बरी गाते. ती म्हणायची, होती एक. तुम्ही नाही ओळखत." त्यांनी बोट परत मुठीत धरलं. "ती तिथं माझ्यासाठी गात होती रोज. आणि मी एकदा पण मागं वळून बघितलं नाही हो, साहेब. बोट काढलं की स्पीड वाढायचा."